वाचकांचे प्रश्न : डबे, वह्या आणि घरची चित्रपटसंस्था

प्रश्न : आमच्या कुटुंबाची चित्रपटनिर्मिती संस्था तीन पिढ्या चालली. तिचा इतिहास लिहायचा आहे. हाताशी ३५ एमएमची काही रिळं, जुन्या वह्या आणि घरच्यांच्या आठवणी आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आठवणी शेवटी घ्या. सांगता सांगता सालं सरकतात आणि आपटलेला चित्रपट यादीतून हळूच गळतो. वह्यांत मात्र तो असतोच, बहुधा सगळ्यांत जास्त पानं अडवून. म्हणून आधी रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार वही) आणि फिल्म धुऊन प्रिंट काढणाऱ्या लॅबची बिलं चाळा. बिलातले फूट फार कामाचे. ३५ एमएमचा बोलपट मिनिटाला ९० फूट धावतो. प्रिंटचं बिल ९,००० फुटांचं असेल तर चित्रपट १०० मिनिटांचा. तुमच्याकडची रिळं ७,२०० फूटच भरली तर २० मिनिटं हरवली आहेत.

डब्यावरच्या चिठ्ठीवर जाऊ नका; डबे फिरवून फिरवून वापरले जातात. रीळ प्रोजेक्टरवरही चढवू नका, आटलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर फाटतात. सुती हातमोजे घालून दोन-तीन फूट उलगडा आणि कडा भिंगाने वाचा. कोडॅकच्या जुन्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा वर्षखुणा असतात. त्या दर २० वर्षांनी परत येतात, म्हणजे १९३६ आणि १९५६ ची खूण एकच. शिवाय ते साल फिल्म तयार झाल्याचं, चित्रीकरणाचं नव्हे. निगेटिव्हची, म्हणजे मूळ चित्रित फिल्मची, खूण तिच्यावरून काढलेल्या प्रिंटवरही उमटते, त्यामुळे एकाच पट्टीवर दोन सालं दिसू शकतात.

व्हिनेगरचा वास आला तर ते रीळ ताबडतोब वेगळं करा. त्याची आम्लवाफ शेजारच्या रिळांनाही लागते. १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ एमएम फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी, असू शकते. ती पेटली तर पाण्यानेही विझत नाही. अशी शंका आली तर हलवाहलव न करता फिल्म संग्रहालयाला कळवा.

प्रश्न : दोन चित्रपटांच्या निगेटिव्ह चुलत्यांकडे आहेत. मग हक्कही त्यांचेच का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. ताबा वेगळा, हक्क वेगळा. भागीदारीपत्र, वाटणीचे कागद आणि वितरकाशी झालेले करार एकत्र लावा. करारात मुदत, प्रदेश आणि मुदतीनंतर हक्क कोणाकडे परततात, या तीन जागा आधी पाहा. कर्जाची नोंद दिसली तर फेडीची पावतीही शोधा. अनेकदा निगेटिव्हच तारण असते, आणि कर्ज फिटल्याचा कागद नसेल तर लॅब ती सोडायला तयार होत नाही.