गॅरेजचा कट्टा : सरळ पट्ट्यात सुसाट, वळणात मेलेली

प्रश्न : काका, नमस्कार. मी देवगडचा, वय 23. बाबांची 1994 ची यामाहा आरएक्स 100, टू-स्ट्रोक गाडी, मातीच्या रेससाठी तयार करून घेतली. कोल्हापूरकडच्या एका ट्यूनरने एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधली धूर बाहेर जायची खिडकी) 3 मिमी वर घासला, 20 मिमीचा कार्बोरेटर काढून 26 चा बसवला, एक्सपान्शन चेंबर (मधे फुगीर असलेला सायलेन्सरचा पाइप) लावला. गाडी 18 एचपीची झाली म्हणाला. सरळ पट्ट्यात ती खरंच सुसाट जाते, पण वळणातून बाहेर येताना मरते आणि कंपनी इंजिनवाली पोरं मला तिथेच मागे टाकतात. त्यात परवा घरी येताना फोंडा घाट उतरलो, पायथ्याला गॅस दिला (मूठ पिळली) आणि एक-दोन किलोमीटरवर इंजिन जाम. पिस्टन आणि प्लगचे फोटो पाठवतोय. अजून पॉवर वाढवली तर वळणातला त्रास जाईल का?

उत्तर : पॉवर अजून वाढवलीस तर त्रास वाढेल. पण आधी पिस्टन बघू, कारण इंजिन वाचलं तरच पुढचं बोलणं.

फोटोत उभे चरे आहेत ते एक्झॉस्टच्या बाजूला. इनटेकची बाजू जवळजवळ स्वच्छ आहे आणि प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं. पेट्रोल कमी पडत होतं, पिस्टन तापून फुगला आणि ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला, चिकटला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच. तिथली हवा आपल्या खालच्या हवेपेक्षा थोडी विरळ. त्या हवेत अगदी काठावर बसवलेला मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) घेऊन तू घाट उतरलास. खाली हवा दाट झाली, जेटमधून येणारं पेट्रोल त्या मानाने वाढलं नाही. शिवाय आरएक्सचा ऑइल पंप गॅसच्या केबलला जोडलेला असतो. गॅस बंद ठेवून इंजिनच्या ब्रेकवर घाट उतरलास, तर इंजिन जोरात फिरतं आणि तेल मात्र थेंबथेंब. पंप काढून तेल पेट्रोलमध्ये मिसळत असशील तरी तीच गत. टू-स्ट्रोकवर घाट उतरताना मधूनमधून क्लच दाबून गॅसचा एक हलका झटका द्यायचा, म्हणजे आत तेल पोचतं. कुडाळला माझ्याकडे गेल्या 31 वर्षांत घाटाच्या पायथ्याशी जाम झालेली किती इंजिनं आली, मोजलेली नाहीत.

आता पॉवरचं. तुझ्या गाडीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 50 मिमी, म्हणजे 98 सीसी. कंपनीचा आकडा 7500 आरपीएमला 11 एचपी. एचपी म्हणजे टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) गुणिले फेरे. किलोग्रॅम-मीटरमधला टॉर्क आरपीएमने गुणायचा आणि 716 ने भागायचं. टॉर्क फारसा वाढत नसेल तर एचपी वाढवायला फेरे वाढवावे लागतात, आणि तुझ्या ट्यूनरने तेच केलं. 50 च्या स्ट्रोकला एक्झॉस्ट पोर्ट 1 मिमी वर गेला, की तो उघडा राहण्याचा काळ साडेचार अंशांच्या आसपास वाढतो. 3 मिमी म्हणजे तेरा-चौदा अंश. 10,000 फेऱ्यांना एवढा वेळ लागतोच. 5000 फेऱ्यांना मात्र तेवढ्यात ताजं मिश्रण बाहेर सांडून जातं.

समजा 10,000 ला तुझे 18 एचपी खरे आहेत. वळणातून तू 5000 ला बाहेर येतोस आणि तिथे टॉर्क 0.5 उरलाय. म्हणजे हातात साडेतीन एचपी. शेजारच्या कंपनी इंजिनचा टॉर्क तिथे 0.9 धर, त्याच्याकडे सहाच्या वर. वळणाच्या तोंडाशी त्याच्याकडे तुझ्या दुप्पट ताकद नसली तरी जवळजवळ तेवढीच आहे. सरळ पट्टा लांब असता तर तू त्याला परत गाठला असतास. आपल्याकडच्या मातीच्या ट्रॅकला असा पट्टा असतो कुठे?

एक्सपान्शन चेंबरचंही तसंच. एक्झॉस्टची लाट चेंबरच्या पसरट भागात गेली की मागे ओढ निर्माण होते आणि ताजं मिश्रण वर खेचलं जातं. पुढच्या निमुळत्या भागावर आपटून लाट परत येते आणि सांडलेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा आत ढकलते. पाइपची लांबी ठरलेली, त्यामुळे लाट वेळेवर पोचते ती फेऱ्यांच्या एका पट्ट्यातच. हे शास्त्र पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी घडवलं. 1961 पर्यंत त्यांनी 125 सीसीतून 25 एचपी काढले, म्हणजे लिटरला 200. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसमधून पळाला, सुझुकीकडे गेला, आणि 1962 चं 50 सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीने त्याच्याच हातून मिळवलं. माणूस दोन रेसांमध्ये देश सोडतो, आणि त्याच्यासोबत एका पाइपचं ज्ञान जपानला पोचतं. मला अजूनही याचं फार नवल वाटतं.

पण काडेन यांच्या गाड्या डांबरावर धावत होत्या. आपण धावतो जांभ्याच्या मातीवर. टायरला पचेल तेवढीच पॉवर कामाची, हे मोठमोठ्यांनाही शिकावं लागलं. 1992 ला होंडाने रेसच्या एनएसआर 500 गाडीच्या चारही सिलिंडरचे स्फोट जवळजवळ आणले, म्हणजे मधल्या वेळात मागच्या टायरला डांबर पुन्हा धरायला उसंत मिळाली. एचपीचा आकडा वाढवायचा तो बदल नव्हताच.

तेव्हा असं कर. घासलेलं बीड (ओतीव लोखंड) परत भरता येत नाही, म्हणून कंपनी मापाचा दुसरा ब्लॉक बघ. त्याचा एक्झॉस्ट पोर्ट फक्त 1 मिमी वर घे, आणि घासल्यावर पोर्टच्या कडा बारीक कानशीने गोल कर. 1998 साली मी ही शेवटची गोष्ट विसरलो होतो. दुसऱ्याच फेरीला पिस्टनची रिंग कडेला अडकून तुटली, ब्लॉकवर वरपासून खालपर्यंत नखाएवढी रुंद खाच पडली. त्या रिंगचा तुकडा गॅरेजच्या फळ्यावर टाचणीने लावलाय, शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी तो हातात देतो. कार्बोरेटर 22 किंवा 24 चा पुरे. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन-तीन दात मोठं घे, टॉप स्पीड थोडा जाईल, पण वळणातून गाडी उठेल.

जेट देवगडलाच बसव. मोठ्या नंबरापासून सुरुवात कर आणि एकेक पायरी खाली ये. तिसऱ्या गिअरला पूर्ण गॅसवर ने, क्लच दाब, त्याच क्षणी इंजिन बंद कर आणि प्लग काढून बघ. भाजलेल्या काजूगराचा रंग हवा. काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा दिसला तर तिथेच थांब. जुन्या पुस्तकातला जेट नंबर धरून बसू नकोस, आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याला जेट मोठाच लागतो. कोल्हापूरला रेस असेल तर तिथला जेट वेगळा ठेव, आणि घरी निघण्याआधी आठवणीने बदल. त्याहून बरं म्हणजे गाडी टेम्पोत घालून आण.

प्रश्न : मी गुहागरला शिक्षक आहे. रेसच्या गाड्यांना एअर फिल्टर नसतो असं विद्यार्थी सांगतात आणि स्वतःच्या गाड्यांचे काढून टाकतात. याने पॉवर वाढते का?

उत्तर : सर, त्यांना थांबवा. जेट फिल्टर धरून ठरवलेला असतो. फिल्टर काढला की कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल कमी पडतं, वर जांभ्याची धूळ रिंग आणि ब्लॉक कानशीसारखी घासते. मातीवर धावणाऱ्या गाड्यांना तर तेलात भिजवलेला फोमचा फिल्टर असतो आणि रेसच्या दिवशी तो धुऊन वाळवलेला दुसरा तयार ठेवतात. पोरांना तो बघायचा असेल तर कुडाळला पाठवा, मी उघडून दाखवतो.