दोन घास खाल्ले की तोंड फिरवतात

प्रश्न : ताई, मिस्टरांना चार महिन्यांपूर्वी बाइकवरून पडून डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, नाकातली नळी निघाल्यावर कांजूरमार्गला घरी आणलं. आता तोंडाने खातात, पण दोन घास झाले की तोंड फिरवतात आणि चहा पिताना ठसका लागतो. वजन 68 वरून 58 वर आलंय. सासूबाई म्हणतात हलकं दे, म्हणून पेज आणि डाळीचं पाणी चालू आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी ठसक्याचं बघा, ते थांबायचं काम नाही. मेंदूच्या मारानंतर गिळण्याचे स्नायू वेळेवर हलत नाहीत, चहा-पाण्यासारखं पातळ तर पटकन श्वासनलिकेत उतरतं, काहींना ठसकाही न लागता, आणि मग न्यूमोनिया होतो. ह्याच आठवड्यात न्यूरोच्या ओपीडीत सांगून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या, मुंबईच्या नायर हॉस्पिटलला स्पीच थेरपीचा वेगळा विभाग आहे. तोवर ताठ बसवूनच भरवा, आडवं असताना घोटभरसुद्धा नको.

आता वजन. सहा महिन्यांत 10 टक्के घटलं तरी आम्ही गंभीर धरतो, तुमच्याकडे चार महिन्यांत जवळजवळ 15 टक्के गेलंय. डोक्याला मोठा मार लागला की पहिले काही आठवडे शरीर माणूस नुसता पडून असला तरी खूप जास्त ऊर्जा जाळतं आणि त्यासाठी स्नायू मोडून खातं, ते भरून काढायचं आत्ताच, आणि नेमकं आत्ताच आपण पेज देतो! डाळीच्या पाण्यात प्रोटीन नावालाच असतं हो, डाळ खाली राहते. त्यांना दिवसाला साधारण 70 ते 85 ग्रॅम प्रोटीन लागेल (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). पेज बंद करू नका, तीच मुगाची डाळ घालून घट्ट शिजवा, मिक्सरमधून गुळगुळीत काढा, वर चमचाभर तूप आणि दोन-तीन चमचे दूध पावडर. अंडं चालत असेल तर मऊ भुर्जी, एका अंड्यात 6 ग्रॅम मिळतं. घट्ट किती ठेवायचं ते मात्र थेरपिस्ट सांगेल तसंच.

आणि तोंड फिरवतात म्हणून रागावू नका, ते हट्ट करत नाहीयेत. डोक्याला झटका बसला की वासाच्या बारीक नसा तुटू शकतात, मग फोडणीचा वासच येत नाही आणि जेवण मातीसारखं लागतं. शिवाय लक्ष टिकत नाही, चावून चावून दमतात, काहींना भूक लागल्याचं कळतच नाही. टीव्ही बंद करा, एका वेळी एकच वाटी समोर ठेवा, तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, भूक विचारत बसू नका, घड्याळ बघून द्या.

दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. घसरतच राहिलं, किंवा ताप आला, जेवताना आवाज घोगरा-ओला वाटला तर लगेच हॉस्पिटल गाठा. काही दिवस परत नळी घालूया म्हणाले तर घाबरू नका, नळी असतानाही गिळायचा व्यायाम चालू ठेवता येतो.