अमूर्त चित्रांचे प्रदर्शन प्रथमच पाहताना

मुंबईच्या जहांगीर कलादालनात अमूर्त चित्रांचे, म्हणजे ओळखीच्या वस्तू किंवा माणसे न दाखवणाऱ्या चित्रांचे, प्रदर्शन पाहण्यासाठी आपण पहिल्यांदाच जाणार आहात आणि ते कसे पाहावे असे आपण विचारले आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. नवख्या प्रेक्षकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे रंगांच्या डागांत डोंगर, चेहरा किंवा पक्षी शोधत बसणे. दुसरी, चित्राआधी शेजारची शीर्षकाची पट्टी वाचणे.

प्रथम दालनाला एक झरझर फेरी मारा आणि मग पाऊल अडवणाऱ्या एकाच चित्रासमोर १० मिनिटे उभे राहा. आधी लांबून, नंतर हातभर अंतरावरून पाहत रंग जाड लागला आहे की पातळ, ब्रशने की सुरीने, खालचा थर कुठे डोकावतो, याचा माग घ्या. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या सुरीने, रंगांचे थर रचत. त्यांच्या कॅनव्हासमधला उजेड त्या थरांतून येतो आणि छापील पानावर तो निम्माही उरत नाही, म्हणून मूळ चित्राला पर्याय नाही.

चित्रकार दालनात भेटल्यास ‘याचा अर्थ काय?’ याऐवजी ‘हे चित्र पूर्ण झाले, हे कसे ठरवलेत?’ असे विचारा. सिद्धांताची पुस्तके सध्या बाजूला राहू द्या. तिथली प्रदर्शने बहुधा आठवडाभरच असतात, तेव्हा भेट शेवटच्या दिवसावर ढकलू नका.