पाळलेला टॅरंटुला किती वर्षं जगतो?

तुम्ही विचारलंय की घरातला मेक्सिकन रेड-नी (टॅरंटुला म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांची ही एक जात) किती वर्षं साथ देईल. आधी नर की मादी ते बघा, सगळं तिथेच ठरतं. मादी नीट सांभाळली तर वीस वर्षं आरामात ओलांडते. नराचं तसं नाही. वयात यायला त्याला काही वर्षं लागतात आणि नंतर बहुधा वर्ष-दीड वर्षातच कारभार आटोपतो. तोंडाजवळच्या छोट्या पायांच्या टोकांना बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखे गोळे दिसले, की तो वयात आला.

आपल्या सोलापुरात खरी काळजी उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत त्याचा डबा नकोच. तळमजल्यावर गार कोपऱ्यात ठेवा, पाण्याची वाटी कायम भरलेली हवी. डबा उंचही नको. कोळी उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं.

आणि उताणा दिसला म्हणून फेकू नका! माझी मादी तशी पडली तेव्हा आईने सुपली आणलीच होती. पण मादी तर कात टाकत होती. मरताना पाय पोटाखाली मुडपतात.