परराष्ट्र धोरणावर लिहायचं-बोलायचं असेल तर
टीव्हीवर कधी बोलावतील हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव, आधी एक देश पकड आणि त्याची भाषा शीक, खरंच शीक, म्हणजे तिथला पेपर डिक्शनरीशिवाय वाचता येईल इतकी. अमेरिकन मुत्सद्दी जॉर्ज केनन बघ ना, रशियन भाषा आणि इतिहास यात कित्येक वर्षं घालवली होती त्याने, म्हणून फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोहून पाठवलेली, सोव्हिएत धोरण उलगडणारी लांबलचक तार वॉशिंग्टनमध्ये एवढी गाजली, आणि १९४७ मध्ये 'एक्स' या टोपणनावाने त्याचा लेख आला तेव्हा त्यातला कंटेनमेंट (सोव्हिएत विस्ताराला आवर घालणं) हा शब्द अख्ख्या शीतयुद्धाला चिकटला. पण पुढे तोच माणूस सांगत राहिला की माझा रोख लष्करी नव्हता, मुख्यतः राजकीय होता. आपला शब्द एकदा बाहेर गेला की तो कोण कसा वापरेल ते आपल्या हातात राहत नाही, म्हणून लिहितानाच नेमकं लिही.

रोजचं काम म्हणशील तर करार, ठराव, संयुक्त निवेदनं मुळातून वाच, जुन्या निवेदनाशेजारी नवीन ठेवून कुठला शब्द गळला ते बघ, अर्धी गोष्ट तिथेच कळते. पीएचडी? विद्यापीठात शिकवायचं असेल तर खूप उपयोगी पडते, थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत, मास्टर्सवरही सुरुवात होते.

आणि आपली भाकितं तारखेसकट वहीत लिहून ठेव, चुकलं तर उघड मान्य कर, सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये फुटेल हे भल्याभल्यांना दिसलं नव्हतं. ज्या विषयाचा अभ्यास नाही त्याच्या पॅनलला सरळ नाही म्हण, सुरुवातीला बोलावणी कमी येतील, येऊ देत.