कण्हेरीचा पाला भाजीपाल्याच्या खतात घालावा काय?

प्रश्न: मंदिराभोवतीचे कण्हेरीचे कुंपण दिवाळीनंतर छाटले असून बंडीभर पाला निघाला आहे. तो नाडेपमध्ये (कंपोस्ट खताच्या टाकीत) कुजवून वांगी, पालक व सांबाराला (कोथिंबिरीला) दिल्यास विष भाजीत उतरेल काय, अशी विचारणा यवतमाळ जिल्ह्यातील एका महिला बचत गटाने केली आहे.

उत्तर: खत पूर्ण कुजलेले असल्यास ही भीती बाळगण्याचे कारण नाही. कण्हेरीतील ओलिअँड्रिन हृदयावर घातक परिणाम करते हे खरे. परंतु ते सेंद्रिय द्रव्य असल्याने शिशासारखे मातीत टिकून राहत नाही, ढिगातील उष्णता व सूक्ष्मजीव ते हळूहळू मोडून टाकतात. कॅलिफोर्नियात कण्हेरीच्या कंपोस्टवर वाढवलेल्या भाज्या तपासल्या, तेव्हा त्यांत हे द्रव्य आढळले नव्हते.

खरा धोका पाला उघड्यावर पडून असतो त्या दोन-चार दिवसांत आहे. कण्हेरीचे पान सुकले तरी त्याचे विष जात नाही, आणि कोमेजलेला पाला कुटारात (मळणीनंतरच्या भुशात) मिसळून बैलाच्या किंवा शेळीच्या तोंडी गेला तर थोडासाही जीवघेणा ठरतो. जनावराने तो खाल्ल्याची शंका आली तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे. पाला जाळू नये, काड्या चुलीतही घालू नयेत. तो धूर अपायकारक असतो. छाटणी व तुकडे करताना हातमोजे घालावेत आणि चीक डोळ्यांना लागू देऊ नये.

पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे, म्हणजेच आपल्या नाडेप काकांची १० बाय ६ बाय ३ फुटांची टाकी या कामी सोयीची आहे, कारण ती शेणमातीने लिंपली की जनावरांचे तोंड आत पोहोचत नाही. पाल्याचे बारीक तुकडे करून ते टाकीच्या मध्यभागी घालावेत, एकूण भरणाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक घालू नयेत. बाकी कुटार, शेणाचा काला व माती असावी, आणि उन्हाळ्यात ओल तुटू देऊ नये. नाडेप एरवी तीन-चार महिन्यांत तयार होते. या भरणाला मात्र मी किमान सहा महिने देईन, आणि पालक-सांबारासाठी वर्षभर.

धोतऱ्याबाबत अधिक सावध राहावे. टाकीच्या कडा पुरेशा तापत नसल्याने तेथील बी जिवंत राहते, वाफ्यात उगवते आणि कोवळी पाने भाजीबरोबर खुडली जाऊ शकतात. म्हणून धोतऱ्याची बोंडे आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया खतात न घालता, वाडीपासून दूर खोल पुराव्यात. बेशरम या झुडपाच्या काड्या पूर्ण वाळवूनच टाकाव्यात, अन्यथा त्या फुटतात.

खत चाळताना कण्हेरीचे पान ओळखू येत असेल, तर तो भाग पुढच्या भरणात परत टाकावा. यंदाच्या सांबाराला जुने शेणखतच द्यावे.