पाच हजारांची टाकी आणि मे महिना

प्रश्न : वाघोलीत आमचं छोटं घर आहे. हजार चौरस फुटांची गच्ची, घरात चौघं. बोअरचं पाणी होळीनंतर तळाला जातं, मग टँकर. पावसाचं पाणी धरायला पाच हजार लिटरची टाकी बसवू या, असं मी म्हणते. सासरे म्हणतात, ‘त्यात मे महिन्याचे आठ दिवससुद्धा निघणार नाहीत. पैसे पाण्यात!’ ताई, कोणाचं बरोबर?
– सौ. अ. दे., वाघोली

उत्तर : अहो, सासऱ्यांचं गणित पक्कं आहे. शहरात माणशी रोजचे 135 लिटर धरतात. चौघांचे झाले 540. ते आठ दिवस म्हणतात, मी नऊ म्हणते, एवढाच फरक. पण ही टाकी मे महिन्यासाठी बसवायचीच नसते. ती वापरायची भर पावसाळ्यात.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची गच्ची 93 चौरस मीटर. तुमच्याकडे पूर्वेला पाऊस पुण्यापेक्षा कमी, म्हणून वर्षाचे 600 मिलिमीटरच धरू. सांडलवंड वजा जाता चाळीस-पंचेचाळीस हजार लिटर हाताशी येतात. 50 मिलिमीटरची एक चांगली सर टाकीत साडेतीन हजारांच्या वर पाणी ओतते. तेव्हा भरली की उपसा, पुन्हा भरू द्या. पेशवाईत कात्रजच्या तळ्यातून पुण्याच्या पेठांतल्या हौदांना पाणी यायचं, तेव्हाही लोक ते रोज भरूनच न्यायचे, उन्हाळ्यासाठी राखून नाही ठेवायचे.

फ्लश, लादी, कपडे हे सगळं या पाण्यावर काढा. कपड्यांना तर बोअरच्या जड पाण्यापेक्षा हेच बरं, थोड्या साबणात फेस येतो. प्यायला मात्र नको, गच्चीवर कबुतरं काय काय करतात ते तुम्ही रोज पाहताच. तेवढे दिवस बोअरचा पंप कमी चालेल, हा खरा फायदा.

टाकीचा ओव्हरफ्लो गटारात सोडू नका. बोअरजवळ शोषखड्डा घ्या, त्यात खाली मोठी खडी, वर बारीक, त्यावर वाळू. खड्डा भरण्याआधी त्यात संध्याकाळी पाणी ओतून ठेवा. सकाळी जिरलेलं असेल तर मुरूम आहे, काम होईल. तसंच उभं असेल तर खाली काळा पाषाण आहे, जागा बदला. आपल्याकडच्या खडकात पाणी भेगाभेगांतून कुठे जाईल सांगता येत नाही. शेजारच्या बोअरला गेलं तर निदान पुण्य तरी लागेल.

टाकी आणण्याआधी पावसाळी पाइपाच्या तोंडावरची जाळी उचलून बघा. पिसं, पालापाचोळा, कोब्याचे तुकडे यांचा काळा चिखल निघेल. तो काढा, गच्ची धुऊन घ्या. टाकीच्या अलीकडे पाइपाला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह बसवून घ्या, म्हणजे पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडता येईल. प्लंबर ‘कशाला, चालतंय’ म्हणेल, ऐकू नका. झाकण घट्ट हवं, ओव्हरफ्लोच्या तोंडालाही बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिढी तयार करतो.

आता मे महिना. त्यासाठी टाकी सोडा, संडासात बघा. जुनी फ्लशची टाकी एका दट्ट्याला दहा लिटर सोडते. चौघं दिवसाला पाच-पाच वेळा, म्हणजे 200 लिटर! दोन बटणांची बसवलीत, तर त्याच कामाला साधारण 80 लागतात. रोजचे 120 वाचले. दहा हजार लिटरच्या टँकरमागे किती दिवस वाढतात, तो भागाकार सासऱ्यांकडे द्या. त्यांना गणित आवडतंय.